सगळ्यात वर आहे, म्हणून खरे आहे का?

२०२५ च्या जून महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतले एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. बांधकामावर सेंटरिंगचे काम करतात. हातात मोबाइल, मागे नुकतीच बारावी पास झालेली मुलगी. आत या म्हटले तरी येईनात. शेवटी म्हणाले, "भाऊ, जरा बघता का? पैसे तर कापले गेले, पण दाखला काही आला नाही."

मुलीला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. रांगेत उभे राहायचे तर दिवस मोडणार, मजुरी बुडणार. म्हणून बापाने मुलीला मोबाइलवरच शोधायला सांगितले. तिने शोधले आणि जे पान सगळ्यात वर आले ते उघडले. त्यावर तिरंग्याचे रंग होते, ‘अधिकृत सेवा’ असे शब्द होते, अर्ज स्वच्छ मराठीत होता. त्या पानाने नाव, पत्ता, आधार क्रमांक सगळे भरून घेतले आणि ‘तातडीचे शुल्क’ म्हणून १,२०० रुपये घेतले. पावतीही दिली. पंधरा दिवस उलटले तरी दाखल्याचा पत्ता नाही आणि पावतीवरचा फोन कोणी उचलत नाही.

आम्ही पाहिले. ते पान सरकारी नव्हतेच. तसे सांगितल्यावर बाप गप्प बसला, पण मुलगी गप्प बसली नाही. ती म्हणाली, "काका, पण ते सगळ्यात वर होतं. खोटं असतं तर सगळ्यात वर कसं आलं असतं?"

वाचकहो, या प्रश्नाला त्या क्षणी आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही शिक्षणाने बी.कॉम., नोकरीने कारकून आणि उरलेल्या वेळात लोकांचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते. कार्यालयातली एक गोष्ट मात्र आम्हाला पक्की ठाऊक आहे. साहेबांच्या टेबलावर जी फाइल सगळ्यात वर असते ती सगळ्यात महत्त्वाची असतेच असे नाही. ती कुणीतरी वर ठेवलेली असते. मग मोबाइलवरची ही फाइल वर कोण ठेवतो? कशासाठी ठेवतो? याचा छडा लावायचे आम्ही ठरवले. त्यातून जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

खिडकी वेगळी, शोधणारा वेगळा

आपल्याकडे "गूगल उघड" असे सर्रास म्हणतात. त्यात दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते. ज्या खिडकीतून आपण इंटरनेटवरची पाने पाहतो तो ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी, ब्रेव्ह ही ब्राउझरची नावे. त्या खिडकीत आपण जो शब्द टाकतो तो घेऊन पानांची यादी आणून देणारे ते सर्च इंजिन. गूगल, बिंग, डकडकगो ही सर्च इंजिनांची नावे. खिडकी एका कंपनीची आणि शोधणारा दुसऱ्या कंपनीचा असू शकतो आणि दोन्ही बदलण्याचा अधिकार आपल्याला असतो. हे आमच्या वस्तीत विचारून पाहिले तर दहात एकाला ठाऊक होते.

या खिडकीचा इतिहास फार जुना नाही. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत काम करत असताना १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यांनी त्यावर मालकी सांगितली असती तर आज प्रत्येक पानामागे आपल्याला दमडी मोजावी लागली असती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून ‘मोझाइक’ आला, १९९४ मध्ये ‘नेटस्केप’ आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘इंटरनेट एक्सप्लोरर’. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत.

आम्ही एस.वाय.बी.कॉम.ला असताना सायबर कॅफेत तासाला ४० रुपये मोजून निळ्या ‘ई’वर टिचकी मारायचो. तेव्हा आम्हाला वाटायचे, इंटरनेट म्हणजेच तो निळा ‘ई’. तो ‘ई’ मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये बंद केला. इंटरनेट मात्र चालूच आहे. खिडक्या येतात आणि जातात, एवढे त्यातून शिकायचे.

शनिवारचे प्रयोग

दिवाळीनंतर आम्ही चार शनिवार आमच्या वाचनालयातल्या संगणकासमोर बसलो. संगणक देणगीत मिळालेला, दहा वर्षांचा, चार जीबी रॅमचा. बरोबर कॉलेजची दोन मुले, एक अंगणवाडी सेविका ताई, एक निवृत्त गुरुजी आणि ती मुलगी. आम्ही सवयीप्रमाणे फुलस्केप वहीत रकाने आखले: ब्राउझरचे नाव, उघडायला लागलेला वेळ, पानावर जाहिराती किती, खरे सरकारी पान यादीत कितवे. दहा प्रश्नांची एकच यादी केली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशन कार्डात नाव वाढवणे, असे आपल्या रोजच्या गरजेचे प्रश्न. प्रत्येक ब्राउझरमध्ये तेच शब्द तसेच टाकायचे, असा नियम केला. नियम नसला की तुलना होत नाही, नुसती मते होतात.

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी आणि फायरफॉक्स अशा सहा खिडक्या आम्ही उघडल्या. पहिले नवल म्हणजे सहापैकी पाच आतून एकच निघाले. गूगलने २००८ साली क्रोम आणला तो ‘क्रोमियम’ नावाच्या खुल्या पायावर. ऑपेराने २०१३ मध्ये तो पाया स्वीकारला, मायक्रोसॉफ्टच्या एजने जानेवारी २०२० मध्ये. ब्रेव्ह आणि विवाल्डीही त्याच पायावर उभे आहेत. एस.टी.ची बॉडी वेगवेगळ्या रंगाची आणि इंजिन एकाच कारखान्याचे, तसा हा प्रकार. सहाव्याचे, म्हणजे फायरफॉक्सचे इंजिन तेवढे स्वतःचे. नेटस्केप कंपनीने १९९८ साली आपल्या ब्राउझरचा सगळा मूळ मजकूर खुला केला. त्या कामातून मोझिला उभी राहिली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पक्की आवृत्ती आली.

मग फरक कशात? वहीतल्या नोंदी अशा. ब्रेव्ह पानांवरच्या जाहिराती आणि आपला माग काढणारे धागे आल्याआल्याच अडवतो. त्यामुळे आमच्या म्हाताऱ्या संगणकावर बातम्यांची पाने त्यात लवकर उघडली. फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारे फुकट साधन जोडता येते. क्रोमने पूरक साधनांचे नियम बदलल्यामुळे तेच साधन २०२५ पासून क्रोममध्ये पूर्वीच्या रूपात चालत नाही. एजमध्ये पान मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे आणि तिला मराठी आवाज आहे. ताईंनी तो आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना दाखवते. डोळ्यांनी दिसत नाही, पण बातम्यांची भारी आवड." विवाल्डीत पाने एकाखाली एक गठ्ठ्याने लावता येतात. फायलींची सवय असलेल्या माणसाला ते बरे वाटते.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. ‘खासगी खिडकी’ उघडली की आपण काय पाहतो ते कुणालाच कळत नाही, असे आमची मुले समजत होती. तसे नाही. त्या खिडकीमुळे फक्त आपल्या संगणकावर नोंद राहत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, कार्यालयाच्या यंत्रणेला आणि समोरच्या संकेतस्थळाला आपला वावर दिसू शकतो. याच मुद्द्यावर अमेरिकेत गूगलवर २०२० साली दावा झाला आणि २०२४ मध्ये जमवलेल्या नोंदी नष्ट करण्याचे मान्य करून गूगलने तो मिटवला.

फुकटच्या मालाचा जमाखर्च

बी.कॉम. झालेल्या माणसाला एक खोड असते. कुणी काही फुकट दिले की तो विचारतो, याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकला?

सगळे ब्राउझर फुकट आहेत. मग यांचे घर चालते कशावर? ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलविरुद्ध निकाल दिला. शोध-सेवेच्या क्षेत्रात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली, असे त्यांनी म्हटले. त्या खटल्यात एक आकडा उघड झाला. मोबाइलवर आणि ब्राउझरमध्ये आपले सर्च इंजिन आधीपासून बसवलेले असावे यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले होते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे बहुतेक उत्पन्नही गूगलकडूनच येते. सप्टेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने गूगलला क्रोम विकायला लावले नाही, पण इतरांना वाव न ठेवणारे करार करण्यास बंदी घातली.

एवढी रक्कम कोणी उगाच मोजत नाही. बहुतेक माणसे जे समोर असते तेच वापरतात, सेटिंगमध्ये जाऊन बदलत नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. आपल्या न बदलण्याच्या सवयीची ही किंमत आहे. ती मोजणारा ती कुठून तरी वसूल करणारच. तो वसूल करतो जाहिरातींतून. त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे सापडले. तिने उघडलेले पान आम्ही वाचनालयात पुन्हा शोधून काढले तेव्हा त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असा शब्द होता. म्हणजे ती जागा पैसे देऊन घेतलेली जाहिरात होती. वर येण्याचे भाडे भरले होते, खरेपणाचा दाखला घेतला नव्हता.

रेकॉर्ड रूमची सूची

उरलेले अर्धे उत्तर म्हणजे जाहिरातींच्या खालची यादी. ती कशी लागते?

कार्यालयातल्या रेकॉर्ड रूममध्ये लाखभर फायली असतात. कुणी कागद मागितला की कारकून प्रत्येक फाइल चाळत बसत नाही. तो आधी करून ठेवलेली सूची पाहतो. सर्च इंजिनही तेच करते. त्याचे यंत्र रात्रंदिवस एका पानावरून दुव्याने दुसऱ्या पानावर जात राहते, प्रत्येक पानावरचे शब्द टिपते आणि सूची बनवते. आपण शब्द टाकतो तेव्हा ते ही सूची चाळते, सगळे इंटरनेट नाही.

पण एकाच शब्दाची हजारो पाने असतात. त्यातले वर कोणते ठेवायचे? सुरुवातीची इंजिने पानावर तो शब्द किती वेळा आला ते मोजण्यावर फार भर देत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी वेगळा विचार केला. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते पान भरवशाचे मानायचे, आणि बोट दाखवणारा स्वतः वजनदार असेल तर त्याच्या शिफारशीला जास्त वजन द्यायचे. याच विचारावर १९९८ साली गूगल कंपनी उभी राहिली. आज त्यात आणखी शेकडो गोष्टींचा हिशेब होतो: पान मोबाइलवर नीट दिसते का, लवकर उघडते का, शोधणारा कोणत्या गावात आहे. म्हणूनच तोच शब्द टाकून ताईंच्या मोबाइलवर आणि गुरुजींच्या मोबाइलवर यादी थोडी वेगळी आली.

वर चढण्याच्या युक्त्या

जिथे रांग आहे तिथे रांग मोडणारे आलेच. शब्द मोजतात हे कळल्यावर लोकांनी पानावर तोच शब्द शंभर शंभर वेळा लिहिला. वाचकाला दिसू नये म्हणून पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरात लिहिला. शिफारशी मोजतात हे कळल्यावर शिफारशी विकत घेतल्या. मोठ्या कंपन्याही यात मागे नव्हत्या. २००६ च्या फेब्रुवारीत बी.एम.डब्ल्यू. या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ अशाच बनवाबनवीमुळे गूगलने काही दिवस यादीतून काढून टाकले. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या जे.सी. पेनी या दुकानाच्या नावाने हजारो विकतचे दुवे पेरल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले आणि त्या दुकानाची पाने यादीत घसरली. त्याच वर्षी निकस पाने खाली ढकलणारा ‘पांडा’ आणि २०१२ मध्ये खोट्या दुव्यांना शिक्षा करणारा ‘पेंग्विन’ असे दोन मोठे बदल गूगलने आपल्या गणितात केले.

हे सगळे आम्हाला कळले ते एका माणसामुळे. आमच्या वाचनालयाचे एक साधे पान इंटरनेटवर आहे. त्याचा सुगावा लागून एक तरुण आला. म्हणाला, "सर, १५,००० रुपये द्या, महिन्यात पहिल्या नंबरवर आणतो. गॅरंटी." त्याने दोनशे इंग्रजी शब्दांची यादी दाखवली. पानाच्या पोटात लपवून ठेवायचे ‘कीवर्ड’ म्हणे. आम्ही त्याला चहा पाजला आणि आठवडाभराची मुदत मागितली. तपास केला तर कळले, हे पोटात लपवलेले कीवर्ड आपण क्रमवारीसाठी विचारात घेत नाही असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही गूगल आपल्या मार्गदर्शनात स्वतः सांगते. तो तरुण पुन्हा आला तेव्हा आम्ही हे त्याच्यापुढे ठेवले. त्याने आवराआवर केली. त्याच्यावर आमचा राग नाही, त्यालाही कुणीतरी असेच शिकवले असणार. पण वाचकहो, तुमचे शिवणयंत्राचे दुकान असो, खानावळ असो की शिकवणी, ‘पहिल्या नंबरची गॅरंटी’ विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

आमच्या पानाची दुरुस्ती

पैसे वाचले, पण आमचे पान कोणाला सापडत नव्हते हे खरेच होते. का सापडत नव्हते? आमच्या पानावर योजनांची माहिती भरपूर होती. पण ती जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली. आपल्याकडे वर्षानुवर्षे श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटमध्ये काम झाले. डोळ्यांना ‘शिष्यवृत्ती’ दिसते, पण जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये यंत्राच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो. काही माहिती तर छापील पत्रकाचा फोटो काढून चढवलेली. फोटोतले शब्द सूचीत नीट येतीलच असा भरवसा नसतो. म्हणजे आम्ही दुकानाला पाटी लावली होती, पण ती आतल्या भिंतीवर.

मग कामाला लागलो. १९९१ साली आलेल्या युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला पहिल्या आवृत्तीपासूनच जागा आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी फुकट साधने मिळतात. कॉलेजच्या मुलांनी मजकूर बदलला. जोडाक्षरे आणि रफार बिघडले होते, ते गुरुजींनी लाल पेन घेऊन तपासले. फोटोतला मजकूर गूगल डॉक्समधून अक्षरांत उतरवला. त्यासाठी ‘टेसरॅक्ट’ हे खुले साधनही आहे, त्याला मराठी येते. प्रत्येक फोटोखाली तो कशाचा आहे ते शब्दांत लिहिले. त्याने यंत्राला कळते, शिवाय अंध वाचकांना पान वाचून दाखवणाऱ्या साधनालाही कळते.

सगळ्यात मोठा बदल ताईंनी सुचवला. आमच्या पानाचे मथळे होते ‘शासकीय योजनांविषयक माहितीपर संकलन’ अशा थाटाचे. ताई म्हणाल्या, "असं कोण विचारतं? बायका विचारतात, उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय कागद लागतात." आम्ही मथळे तसेच ठेवले. एका प्रश्नाला एक पान. खाली माहिती कोणत्या तारखेला तपासली ती तारीख आणि खऱ्या सरकारी पानाचा दुवा. नकाशावर वाचनालयाची जागा आणि उघडण्याच्या वेळा भरल्या. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या फुकट साधनात नोंद केली. लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत येतात ते त्यात दिसते. कितीतरी जण ‘उत्पन दाखला’ असे लिहितात, कितीतरी जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात.

फळ काय मिळाले? महिन्याभराने आमच्या तालुक्याचे नाव घालून शोधले की दाखल्याच्या कागदपत्रांचे पान पहिल्या पाचांत दिसू लागले. पहिले नाही. पण ते भाडे न भरता आणि बनवाबनवी न करता आले. खर्च चार शनिवार आणि चहा. या विषयातली खरी युक्ती आम्हाला एवढीच समजली: लोक ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत, खरे आणि ताजे उत्तर, यंत्राला वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे.

नवे शहाणे आणि जुनी युक्ती

आता शोधाच्या यादीच्याही वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले तयार उत्तर येते. गूगलने हे अमेरिकेत मे २०२४ मध्ये आणि भारतात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू केले. सुरुवातीच्याच दिवसांत, पिझ्झावरचे चीज घसरू नये म्हणून त्यात डिंक घाला, असा सल्ला त्याने दिला आणि जगभर हसे झाले. कुणीतरी गमतीत लिहिलेले त्याने खरे मानले होते. आम्हीही अशाच एका साधनाला शिष्यवृत्तीची शेवटची तारीख विचारली. उत्तर ठाम मराठीत आले, पण तारीख आदल्या वर्षीची होती. सफाईदार भाषा म्हणजे बिनचूक माहिती नव्हे, हे कार्यालयात काम केलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

२०२५ मध्ये तर आपल्या वतीने पाने उघडून अर्ज भरणारे ब्राउझरच आले: जुलैत पर्प्लेक्सिटीचा ‘कॉमेट’, ऑक्टोबरात ओपनएआयचा ‘अॅटलस’. गंमत पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी दाखवून दिले की पानावर लपवून ठेवलेल्या सूचना असा मदतनीस मालकाच्याच सूचना समजून पाळू शकतो. पांढऱ्या कागदावरची पांढरी अक्षरे पुन्हा आली! पूर्वी ती क्रमांक चोरत होती, आता खिसा कापू शकतात. म्हणून अशा ब्राउझरमधून तूर्त बँकेचे आणि आधारचे काम करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरी पाळण्याजोगे चार नियम

पहिला, ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ असा शब्द दिसला की ते पान सोडून खाली जा.

दुसरा, सरकारी कामासाठी शोधताना आपल्या शब्दांपुढे इंग्रजी अक्षरांत एस-आय-टी-ई, मग एकाखाली एक दोन टिंबे आणि जागा न सोडता जी-ओ-व्ही डॉट आय-एन असे लिहा. मग यादीत सरकारी पानेच येतील. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरण चिन्हांत टाका.

तिसरा, पत्ता वाचायला शिका. पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते पाहा. तिथे जी-ओ-व्ही डॉट आय-एन असेल तर सरकारी. जी-ओ-व्ही नंतर आडवी रेघ, आय-एन आणि शेवटी डॉट कॉम असेल तर समजावे, कुणीतरी खोटी पाटी लावली आहे. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. कुलूप एवढेच सांगते की वाटेत तुमचे बोलणे कोणी ऐकत नाही. समोरचा माणूस सज्जन आहे की नाही हे ते सांगत नाही. लोक यात फसतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलले.

चौथा, पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम सापडणे अवघड.

आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी फोन केला तोवर पंधरा दिवस गेले होते. तक्रार क्रमांक मिळाला, १,२०० रुपये हा लेख लिहीपर्यंत मिळालेले नाहीत. त्यांची तीन दिवसांची ती बचत होती. दाखला मात्र सेतू केंद्रातून रीतसर मिळाला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत गेला.

ती मुलगी आता बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. शनिवारी संध्याकाळी वाचनालयात संगणकासमोर बसते आणि येणाऱ्या बायाबापड्यांचे अर्ज शोधून देते. परवा एका आजीबाईंचा मोबाइल हातात घेऊन ती सांगत होती, "आजी, वर आलंय म्हणून लगेच उघडायचं नाही. आधी बघायचं, ते वर कोणी ठेवलंय."

आम्ही शेजारी वही उघडून बसलो होतो. वाचनालय दर शनिवारी सायंकाळी ५ ते ८ उघडे असते. वाचकांनी आपापल्या गावी, आपापल्या वाचनालयात असा एक शनिवार सुरू करावा, ही विनंती.